रस्ता खोदण्याआधी वृक्ष अधिकाऱ्याची सही घ्या : महाराष्ट्रातील वृक्ष प्राधिकरणांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील सर्व महानगरपालिकांचे आयुक्त, नगरपरिषदा व नगरपंचायतींचे मुख्याधिकारी
आणि वृक्ष प्राधिकरणांचे सन्माननीय सदस्य

विषय : रस्त्याकडेच्या मोठ्या झाडांची निगा आणि त्यांच्या मुळांशी होणारं खोदकाम

सन्माननीय महोदय, महोदया,

पावसाळ्याच्या तोंडावर वारा सुटतो आणि रस्त्यावरचं एखादं जुनं झाड आडवं होतं. अग्निशमन दलाची गाडी येते, करवती चालतात, दोन-तीन तासांत वाहतूक सुरू होते. कागदावर नोंद पडते, 'वादळी वाऱ्यामुळे झाड उन्मळून पडले.' माझी पहिली विनंती या नोंदीबद्दलच आहे. लाकूड उचलून न्यायच्या आधी त्या झाडाचं बूड कुणीतरी नीट बघा. अनेकदा एका बाजूला मातीसकट वर आलेली लांबच लांब मुळं दिसतात, आणि रस्त्याच्या किंवा गटाराच्या बाजूला नुसती थुटं. सरळ रेषेत कापलेली, काळी पडलेली, कुजून भुसभुशीत झालेली थुटं. वारा आदल्या रात्रीचा असतो. ती मुळं मात्र काही वर्षांपूर्वीच कापलेली असतात. कधी केबलसाठी, कधी पाण्याच्या लाइनसाठी, कधी फुटपाथच्या नव्या कडेसाठी. ज्या ठेकेदाराने ती कापली त्याचं बिल कधीच निघालेलं असतं आणि ज्या विभागाने ते काम काढलं, त्याला झाड पडल्याचं कळवलंही जात नाही.

ज्या झाडांना तोडण्यासाठी कुणीही अर्ज केलेला नाही, त्यांच्याबद्दल मी लिहीत आहे. अर्ज आला की आपली यंत्रणा निदान जागी तरी होते. नोटीस लागते, हरकती येतात, वर्तमानपत्रात बातमी येते, कधी प्रकरण न्यायालयात जातं. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीतून झाडं तोडली गेली तेव्हा अख्खा महाराष्ट्र त्यावर बोलत होता, आणि ते योग्यच होतं. पण तुमच्या-माझ्या रस्त्यावरचा वड, कडुलिंब, करंज किंवा पर्जन्यवृक्ष असा एका रात्रीत जात नाही. तो दहा-पंधरा वर्षांत जातो, दर वेळी थोडा थोडा, आणि त्यातली बरीच कामं पालिकेच्याच निधीतून झालेली असतात. प्रत्येक कामाचा आदेश रीतसर असतो. फक्त त्या आदेशावर सही करणाऱ्यांमध्ये झाडाच्या वतीने पाहणारा कुणी नसतो.

मुळांबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे, इंजिनीअर मंडळींमध्येही आहे. झाड जितकं उंच तितकंच ते जमिनीत खोल गेलेलं असतं, असं मानलं जातं. प्रत्यक्षात पाणी आणि अन्न शोषणारी बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांत असतात, कारण हवा तिथेच मिळते. आडवी मात्र ती झाडाच्या फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे जातात. बुंध्याजवळची जाड मुळं झाडाला धरून ठेवतात, पुढची बारीक मुळं त्याला जगवतात. आता बुंध्यापासून दोन फुटांवरून, रस्त्याला समांतर, तीन फूट खोल चर जेसीबीने काढला तर काय होईल? त्या बाजूची सगळी मुळं, धरणारी आणि जगवणारी दोन्ही, एका दिवसात संपतात. बरं, जेसीबीचा दात मूळ कापत नाही, ते ओढून फाडतो. फाटलेल्या मुळात बुरशी शिरते आणि कूज बुंध्याच्या दिशेने चढत जाते.

वरून महिनोनमहिने काहीही दिसत नाही, म्हणूनच हे चालून जातं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शेंड्याकडची पालवी विरळ होते. मग टोकाच्या फांद्या वाळू लागतात. एखाद्या पावसाळ्यात बुडाशी अळंबी उगवते. तेव्हा कुणीतरी तक्रार करतो की झाड धोकादायक झालं आहे. पाहणी होते आणि झाड खरोखरच धोकादायक झालेलं असतं! अर्ज मंजूर होतो. त्या अर्जात चराचा उल्लेख कुठेही नसतो, कारण चराची नोंद बांधकाम विभागाकडे आणि झाडाची नोंद उद्यान विभागाकडे. एकच पालिका, पण दोन कपाटं.

याला उपाय नाहीत असंही नाही. बुंध्याच्या आसपास चर हातानेच खणायचा, जाड मुळं तशीच ठेवून पाइप किंवा केबल त्यांच्या खालून सरकवायची, हे कुदळ-फावड्याने सहज होतं, फक्त वेळ लागतो. रस्ता न फोडता जमिनीखालून आडवं छिद्र पाडून केबल टाकण्याचं तंत्र आपल्या शहरांमध्ये आता नवीन राहिलेलं नाही. डांबर वाचवण्यासाठी ते वापरतात, तर पन्नास वर्षांच्या झाडासाठी का वापरू नये? आणि अगदीच मूळ कापावं लागलं, तर ते धारदार करवतीने स्वच्छ कापावं, उघडं पडलेलं मूळ ओल्या गोणपाटाने झाकावं आणि चर त्याच दिवशी बुजवावा. महिनाभर उन्हात उघडा ठेवू नये. यात कोट्यवधींचा खर्च नाही. हे सांगणारा आणि करून घेणारा माणूस मात्र जागेवर लागतो.

काँक्रीटबद्दलही बोलायला हवं. मुळांना श्वास लागतो. मातीत हवा खेळली नाही, पावसाचं पाणी मुरलं नाही तर झाड उभ्या उभ्या गुदमरतं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांच्या प्रकरणात बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. त्यानंतर आपल्याकडेही 'झाडांचा श्वास मोकळा करा' अशा मोहिमा झाल्या, अनेक तरुणांनी सुटीच्या दिवशी पहारी घेऊन पेव्हर ब्लॉक उचकटले, बुंध्यातले खिळे उपटले. त्या सगळ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण पुढच्या वर्षी त्याच रस्त्याची नवी निविदा निघते आणि पेव्हर ब्लॉक पुन्हा सालीला जाऊन भिडतात. निविदेच्या नकाशात झाड हा एक गोल असतो आणि त्या गोलाभोवती किती माती मोकळी ठेवायची हे लिहिलेलं नसतं. तेवढी एक ओळ निविदेच्या अटींत आली तर हजारो झाडांचं आयुष्य वाढेल. आणि जुनं काँक्रीट काढताना कृपा करून यंत्र लावू नका. ते हळूहळू, हातानेच फोडावं लागतं, नाहीतर त्याच्या खाली जी थोडी मुळं तगून राहिली आहेत तीही जातात.

आता छाटणी. दरवर्षी एप्रिल-मे आला की पावसाळापूर्व छाटणीची लगबग सुरू होते. छाटणी हवीच. वाळलेली, चिरलेली, वाहनांना लागणारी फांदी काढलीच पाहिजे. झाड पडून, फांदी कोसळून माणसं दगावतात, आणि ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराला सावलीचे फायदे सांगण्यात अर्थ नसतो. मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळात एकट्या मुंबईत शेकडो झाडं पडली. अधिकाऱ्यांच्या मनात असलेली धास्ती मला समजते. पण धास्तीपोटी आपण जे करतो आहोत, त्याने धोका वाढतो आहे.

झाडाचा शेंडाच उडवला, मोठ्या फांद्या मध्येच आडव्या कापल्या, की झाड घाबरल्यासारखं त्या कापल्या जागेभोवती भराभर फुटवे काढतं. लोकांना वाटतं, झाड पुन्हा भरलं. पण हे फुटवे फांदीच्या आतल्या लाकडातून आलेले नसतात, वरवर चिकटलेले असतात. चार-पाच वर्षांत ते जाड आणि जड होतात, आणि ज्या थुटावर ते उभे असतात ते थूट आतून कुजत असतं. मग वाऱ्यात आधी तेच मोडतात. म्हणजे बोडकं केलेलं झाड सुरक्षित दिसतं ते पहिली एक-दोन वर्षं, आणि पुढे ते आधीपेक्षा जास्त धोक्याचं होतं.

झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. अमेरिकेच्या वनसेवेतले अॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून पाहिली आणि १९७० च्या दशकात हे नीट मांडलं. झाड कुजलेला भाग दुरुस्त करत नाही, ते त्याच्याभोवती आतून भिंती घालतं आणि पुढचं लाकूड नव्याने वाढवतं. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं. या भिंती घालायची ताकद त्या कड्यात असते. कडं शाबूत ठेवून, त्याच्या जरा बाहेर कापलं तर झाड जखम बंद करू शकतं. खोडालगत साफ उडवलं तर कडं जातं, हातभर लांब थूट सोडलं तर ते कुजतं. जड फांदी असेल तर आधी खालून अर्धवट काप, मग थोडं पुढे वरून काप, आणि वजन उतरल्यावर कड्याजवळचा शेवटचा काप. तीन कापांची ही रीत एखाद्या मजुराला शिकवायला एक दिवस पुरतो. जखमेवर डांबर फासल्याने कूज थांबत नाही, हेही शायगोंनी दाखवून दिलं. तरी ते फासलं जातं.

ज्याला हे शिकवायचं तो माणूसही पाहा. दोरीच्या भरवशावर, पायात चप्पल, हातात कोयता, खाली वाहतूक आणि शेजारी विजेची तार. त्याला ना सुरक्षा पट्टा, ना शिरस्त्राण, ना कुणी सांगणारा की कुठली फांदी का काढायची. त्याला एवढंच सांगितलेलं असतं की ट्रक भरला पाहिजे. झाडाची निगा आणि या माणसाची सुरक्षा हे एकच काम आहे, असं मी मानतो. ज्या निविदेत प्रशिक्षण आणि साधनं यांसाठी पैसे धरलेले नाहीत, ती निविदा दोघांनाही इजा करते.

तारांखालच्या झाडांचं दुखणं वेगळं. वीज कंपनीची माणसं तारांच्या बाजूचा अर्धा भाग उडवतात आणि झाडाचा सगळा भार दुसऱ्या बाजूला जातो. उघड्या तारांच्या जागी एबी केबल, म्हणजे आवरण असलेल्या तारा एकत्र गुंफलेली केबल, टाकली तर इतकं कापावं लागत नाही. सगळीकडे ती एकदम येणार नाही हे कळतं, पण जुन्या झाडांचे रस्ते आधी घ्या एवढं तरी पालिका सांगू शकते. वडाच्या पारंब्यांबद्दलही असंच. बसच्या टपाला लागतात म्हणून त्या सरसकट कापल्या जातात. त्या वडाचा पुढचा आधार असतात. फुटपाथच्या बाजूच्या चार पारंब्या पाइपातून जमिनीपर्यंत नेल्या तर त्या खांब होतात आणि झाड पुढची शंभर वर्षं तोलून धरतात.

खिळे, फलक, बुंध्याला करकचून बांधलेल्या रोषणाईच्या माळा, वेळेवर न काढल्याने सालीत रुतलेले ट्री गार्ड, यांबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. फलक दिसावा म्हणून झाडांना विष घातल्याच्या तक्रारी मुंबईत पोलिसांपर्यंत गेल्या आहेत. त्या गुन्ह्यांचा तपास व्हावा, इतकंच इथे म्हणतो.

आता कायद्याचं. नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा आपला कायदा १९७५ चा आहे, आणि तो चांगला कायदा आहे. त्यानुसार झाड 'तोडणं' म्हणजे ते मुळापासून उडवणं एवढंच नाही. जाळणं, कापणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं हेही त्यात येतं. मग रस्त्याच्या कामासाठी अर्ध्या बाजूची मुळं तोडणं त्यात येत नाही का? माझ्या मते येतं. एखाद्या नागरिकाने आपल्या आवारातल्या आंब्याची फांदी विनापरवानगी कापली तर त्याला नोटीस जाते. तेच काम पालिकेच्या ठेकेदाराने जमिनीखाली केलं तर त्याला विकास म्हणतात. कायदा दोघांसाठी एकच असेल, तर खोदकामाच्या परवानगीआधी वृक्ष अधिकाऱ्याने झाड पाहणं हे उपकार नव्हेत, कर्तव्य आहे.

याच कायद्यात दर पाच वर्षांनी वृक्षगणना सांगितली आहे. मुंबईच्या २०१८ च्या गणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं मोजली गेली. मोठं काम होतं ते. पण गणना म्हणजे शिरगणती झाली. मला हवा आहे झाडाचा आजारपणाचा कागद, म्हणजे रुग्णालयात प्रत्येक रुग्णाच्या खाटेला अडकवलेला असतो तसा. या झाडाजवळ कधी खोदलं, कुठल्या बाजूने, किती अंतरावर, कधी छाटलं, कुणी छाटलं, बांडगूळ किंवा खोडकिडा कधी दिसला, ढोली किती मोठी आहे. सगळ्याच झाडांचा नको, रस्त्याकडेच्या मोठ्या झाडांपासून सुरुवात करा. हा कागद असेल तर 'धोकादायक' हा शब्द नुसत्या नजरेवर ठरणार नाही. आणि खरोखर धोकादायक झाड कुणी अडवून धरणार नाही, कारण त्याची हकिगत सगळ्यांसमोर असेल.

२०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट घातली. हेतू चांगला आहे. पण साठ वर्षांचं झाड गेलं आणि शहराच्या टोकाला, टेकडीमागे साठ रोपं लागली, तर हिशेब कागदावर जुळतो, रस्त्यावर जुळत नाही. सावली ही त्या जागेची असते. बसथांब्यावर उभी असलेली म्हातारी बाई, त्याच झाडाखाली वर्षानुवर्षं बसणारा चांभार, दुपारी शाळेतून पायी घरी जाणारी मुलं, यांना टेकडीमागची साठ रोपं काय देणार? झाडाच्या सावलीतला पृष्ठभाग उन्हात तापलेल्या पृष्ठभागापेक्षा ११ ते २५ अंश सेल्सिअसने थंड असू शकतो, असं अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. चंद्रपूर, अकोला, जळगाव, नागपूरच्या मे महिन्यात हा फरक काय असतो हे तिथे हातगाडी ओढणाऱ्याला विचारा. ज्याच्याकडे गाडी आहे आणि गाडीत एसी आहे त्याला रस्त्यावरच्या सावलीची गरज कमी. जो चालतो त्याला ती पाण्याइतकी लागते. म्हणून भरपाईची निदान काही झाडं त्याच रस्त्यावर लागली पाहिजेत, आणि तिथे जागाच नाही असं उत्तर आलं तर ती जागा कुणी खाल्ली हेही पाहिलं पाहिजे.

नव्या लागवडीबद्दल थोडंच. तारांखाली बहावा किंवा तामण लावा, जिथे आभाळ मोकळं आहे तिथे कडुलिंब, करंज, जांभूळ, कदंब, वड, पिंपळ. खड्डा मोठा घ्या. आणि समारंभाचा खर्च कमी करून पहिले तीन उन्हाळे पाण्याचा टँकर ठेवा. लावलेल्या रोपांचे आकडे दरवर्षी जाहीर होतात. गेल्या पाच वर्षांतली किती जगली, ते त्याच पत्रकात छापा.

पैशाचा प्रश्न येईलच. मालमत्ता कराच्या बिलावर वृक्षकराची एक ओळ असते. रक्कम लहान असली तरी ती असंख्य घरं भरतात. तो पैसा कशावर खर्च होतो, उद्यानातल्या कारंज्यावर, फुलांच्या प्रदर्शनावर की रस्त्यावरच्या झाडाच्या मुळांवर, हे करदात्याला दिसलं पाहिजे. माझ्या शहरात मी ही विचारणा केली, तेव्हा एकूण जमा रक्कम समजली, खर्चाची फोड मिळाली नाही.

आणि माणसाचा प्रश्न. कायद्यात वृक्ष अधिकारी आहे. पण अनेक ठिकाणी, विशेषतः लहान नगरपरिषदांत, ते पद कुणाकडे तरी अतिरिक्त कार्यभार म्हणून असतं. ज्याच्याकडे आधीच कचरा आहे किंवा बांधकाम आहे, त्याच्याकडेच झाडंही. तो माणूस वाईट नसतो. त्याला वेळ नसतो, या विषयाचं शिक्षण नसतं, आणि आपल्याच वरिष्ठाच्या रस्त्याच्या कामावर हरकत घेण्याची ताकद तर नसतेच नसते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १८९९ पासून प्रत्येक गावाला सार्वजनिक झाडांसाठी स्वतंत्र वृक्षपाल नेमावा लागतो. रस्त्यावरचं झाड तोडायचं तर आधी जाहीर सुनावणी, आणि झाडाची जबाबदारी नावानिशी एका माणसावर. आपल्याकडे कृषी महाविद्यालयं आहेत, वनस्पतिशास्त्राचे पदवीधर आहेत, वनखात्यातून निवृत्त झालेली जाणती माणसं आहेत. माणूस मिळत नाही, हे मला पटत नाही.

म्हणून मागणी एकच आहे, आणि ती नीट शब्दांत मांडतो. रस्ता खोदण्याच्या प्रत्येक परवानगीवर, मग ती केबल कंपनीची असो, पाणीपुरवठ्याची असो की पालिकेच्याच बांधकाम विभागाची, वृक्ष अधिकाऱ्याची सही असावी. सही करण्याआधी त्याने जागा पाहिलेली असावी. कुठल्या झाडाच्या किती जवळ यंत्र न्यायचं नाही, हे जमिनीवर चुन्याने आखलेलं असावं. ती रेषा ओलांडली तर ठेकेदाराची अनामत रक्कम त्या झाडाच्या उपचारासाठी वापरली जावी. आणि झाड पडलं तर त्याच्या मुळांचा फोटो आणि त्या जागेवरच्या खोदकामांची यादी पंचनाम्याला जोडली जावी.

यासाठी नवा कायदा लागत नाही. वृक्ष प्राधिकरणाचा एक ठराव आणि आयुक्तांचं किंवा मुख्याधिकाऱ्यांचं एक परिपत्रक पुरे. पावसाळा संपला की रस्ते खोदायच्या परवानग्या पुन्हा सुरू होतात. त्याआधीच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, आणि ठराव मंजूर झाला किंवा फेटाळला गेला, तरी त्याचं इतिवृत्त कारणांसह पालिकेच्या संकेतस्थळावर सर्वांना वाचायला ठेवावं, ही विनंती.

आपला,
एक करदाता नागरिक